फुटपाथच्या नकाशात मावशी कुठे बसतात?

रेघोट्या (धागाकर्ती) | रविवार, रात्री ९:४०

रस्त्यांचे नकाशे काढणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. सध्या एका मोठ्या शहरातल्या साधारण बाराशे मीटर रस्त्याची पुनर्रचना आमच्या टेबलावर आहे. शहर, रस्ता, कंपनी यातलं काहीच सांगणार नाही. काम चालू आहे आणि मला नोकरी टिकवायची आहे.

आज सकाळी मेजर टेप घेऊन एकटीच साइटवर गेले. आमच्या नकाशात जिथे 'बाक क्र. १४' आहे, तिथे प्रत्यक्षात एक भाजीवाल्या मावशी बसतात. एकोणीस वर्षांपासून. मी विचारलं, "इथेच का बसता?" त्या मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "मागं भिंत हाय, पाठ टेकती. अकरा वाजंपत्तुर झाडाची सावली. बसमधनं बाया उतरल्या की पयली मीच दिसती. आन् देवळाचा नळ हाय की."

आम्ही या रस्त्याचा साठ पानी अहवाल दिलाय. त्यात वाहनांची गणना आहे, झाडांची आहे, विजेच्या खांबांची आहे. मावशींनी चार वाक्यांत सांगितलेलं त्यात कुठेच नाही.

मग त्यांची जागा मोजली. एक ताडपत्री, चार कॅरेट, एक वजनकाटा, बसायला पोतं: पाच फूट बाय चार फूट. त्यांच्यापुढे गिऱ्हाईक उभं राहतं, पिशवी पायाशी ठेवून वांगी निवडतं, त्याला आणखी अडीच फूट. हे अडीच फूट मी आजवर एकाही नकाशात काढलेले नाहीत. फुटपाथ अडतो तो बहुतेक याच अडीच फुटांमुळे.

तर प्रश्न असा: विक्रेते बसणारच हे धरून चालून रस्ता आखायचा तर कसा आखायचा? 'हटवा' आणि 'गरीब बिचारे' हे दोन्ही सूर ऐकून झालेत, जरा पुढचं बोलू.

सरळवाट | रविवार, रात्री १०:०५

'हटवा'वाला प्रतिसाद कुणीतरी द्यायलाच हवा, तो मी देतो.

माझे वडील ८१ वर्षांचे आहेत, वॉकर घेऊन चालतात. घरापासून औषधाच्या दुकानापर्यंत फुटपाथ आहे, पण त्यांना रस्त्यात उतरावं लागतं, कारण फुटपाथवर मोबाइल कव्हरवाला, मोमोवाला आणि एक कायमची बंद पडलेली रसाची गाडी. वॉकर रस्त्यावर उतरवायचा म्हणजे एका हाताने माझा खांदा धरायचा, नऊ इंचाची कड उतरायची, आणि मागून येणाऱ्या रिक्षाने हॉर्न वाजवायचा. तुमच्या मावशींबद्दल मला राग नाही. पण फुटपाथ पहिला कोणाचा, हे आधी ठरू द्या.

चहाबाज | रविवार, रात्री १०:११

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (फुटपाथवरूनच आणलेत.)

तराजू | रविवार, रात्री ११:३०

माझ्या आईने सत्तावीस वर्षं पथारी लावली. आधी कांदे-बटाटे, मग पालेभाजी. शाळा सुटली की मी तिच्याजवळ पोत्यावर बसून गृहपाठ करायचो. नकाशा काढणारं कोणीतरी विचारतंय हेच मला नवीन आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यांना वाटतं धंदा म्हणजे दिवसा बसायची जागा. अर्धा धंदा रात्रीचा असतो. उरलेला माल, कॅरेट, काटा, ताडपत्री रात्री ठेवायची कुठे? आई एका दुकानाच्या जिन्याखाली ठेवायची आणि त्याचे महिन्याचे पैसे मोजायची. दुकान विकलं गेलं तेव्हा जागा तीच राहिली, पण धंदा दोन महिने बसला. नवे झकपक फुटपाथ बघतो तेव्हा मी आधी हेच बघतो की कुलूप लावता येईल अशी एखादी पेटी कुठे आहे का. नसते.

दुसरं, संडास. आई सकाळी सहाला बसायची आणि दुपारी दोनपर्यंत पाणी प्यायची नाही. याहून जास्त लिहीत नाही.

तिसरं, कापड. आईच्या पथारीच्या चारही टोकांना सुतळीचे फास असायचे आणि चारही सुतळ्या तिच्या उजव्या मांडीखाली. "गाडी आली" (म्हणजे अतिक्रमणवाल्यांची) अशी गल्लीच्या तोंडाकडून आरोळी आली की एक हिसका, आणि अख्खं दुकान गाठोडं होऊन खांद्यावर. टोमॅटो तळाशी गेले की मेले. म्हणून ती टोमॅटो कधी कापडावर मांडायचीच नाही, वेगळ्या पाटीत. पथारी कशी लावायची, कुठला माल घ्यायचा, सगळं त्या गाडीच्या भीतीने ठरायचं. ज्याला उद्या सकाळी आपण इथे असू याची खात्री नाही, तो नीटनेटका स्टॉल लावेल कशाला?

सरळवाट, तुमच्या वडिलांचं खरं आहे. आईला पण असली गर्दी नको असायची. वॉकरवाला आजोबा अडला की मागचं गिऱ्हाईक पण अडतं.

सरळवाट | सोमवार, सकाळी ७:५०

तराजू, हे वाचून गप्प बसलो थोडा वेळ. पण मग यांच्यासाठी मंडई बांधून देतात तिथे का जात नाहीत?

तराजू | सोमवार, सकाळी ८:२०

आमच्या गावात दिली होती बांधून. पहिल्या मजल्यावर. दहा रुपयांच्या कोथिंबिरीसाठी जिना कोण चढतं सांगा. आईने तीन दिवस भवानीसुद्धा होईना म्हणून चौथ्या दिवशी पुन्हा रस्ता धरला. ओटा नावावर होता, तो नंतर एकाने गोदाम म्हणून वापरला.

मंडईचा बोका | सोमवार, सकाळी ९:१५

मंडईचा विषय निघाला आणि पुणेकर गप्प बसला असं होणार नाही.

पुण्याचा भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या पटांगणात भरायचा. मग दगडी, आठ बाजूंची, मधे मनोरा असलेली इमारत बांधली, १८८६ साली उघडली, नाव दिलं रे मार्केट. हा खर्च करण्याला तेव्हाच्या नगरपालिकेत सदस्य राहिलेल्या जोतीराव फुल्यांचा विरोध होता. हा पैसा शिक्षणावर घाला असं त्यांचं म्हणणं. आज त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई म्हणतात. इतिहासाला विनोदबुद्धी आहे.

पण इमारत बघा नीट. सगळा व्यवहार तळमजल्यावर, आत शिरायला अनेक दारं, उंच छत, वारा खेळता. ओटे असे की विकणारा उंचावर बसतो आणि घेणारा उभा, दोघांचे डोळे जवळपास एका पातळीवर. सव्वाशे वर्षांहून जास्त चालली आहे ती उगाच नाही. आणि एवढं असून मंडईच्या बाहेर, तुळशीबागेकडे जाणाऱ्या रस्त्यावर पथाऱ्या आहेतच! आतला आणि बाहेरचा बाजार एकमेकांवर जगतात. मंडई बांधली की रस्ता रिकामा होतो हा हिशोब पुण्यात तरी कधी जमला नाही.

अवांतर: गणपतीच्या दिवसांत तिथे एकदा उभं राहून दाखवा, मग फुटपाथच्या रुंदीवर बोला.

कायदेबाज | सोमवार, दुपारी १:०२

थोडी कायद्याची बाजू, कारण बहुतेकांना वाटतं फेरीवाला म्हणजे अतिक्रमणच.

१९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रस्त्यावर धंदा करणं हा घटनेच्या १९(१)(जी) खालचा हक्क आहे, वाजवी निर्बंधांसह. मग आला पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा, १ मे २०१४ पासून लागू. मुख्य गोष्टी: दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण, ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणाला हटवायचं नाही, शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं, नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, त्यांत एक तृतीयांश बाया. हलवायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस.

रेघोट्यांसाठी कामाची गोष्ट पहिल्या अनुसूचीत आहे, जी कोणी वाचत नाही. जिथे घेणारे-विकणारे आपणहून जमत आलेत त्याला कायदा 'नैसर्गिक बाजार' म्हणतो, आणि असा बाजार ना-फेरीवाला क्षेत्र म्हणून जाहीर करता येत नाही. नुसती गर्दी होते हे कारणही चालत नाही.

आता कागद आणि जमीन यांतलं अंतर. मुंबईत २०१४ च्या सर्वेक्षणात ९९ हजारांवर अर्ज आले, छाननीत पात्र ठरले १५ हजारांच्या आसपास. २०२४ मध्ये समितीची निवडणूक झाली तेव्हा मतदार यादीत ३२ हजारांवर नावं होती. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. त्याचे अडीच टक्के तुम्हीच काढा.

चहाबाज | सोमवार, दुपारी १:१०

तीन लाख दहा हजार. कॅल्क्युलेटर न वापरता. शाबासकी द्या.

दादर पश्चिम | सोमवार, रात्री ८:४४

चाळीस वर्षं दादरला काढलीत म्हणून बोलतो. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईसाठी अटी घातल्या: एक मीटर बाय एक मीटर जागा, फुटपाथच्या एकाच बाजूला, रेल्वे स्टेशन आणि मंडईपासून १५० मीटर लांब, शाळा-देवळं-इस्पितळांपासून १०० मीटर. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने तीच अंतरं पुन्हा सांगितली. पोराची कंपासपेटी घ्या, दादर स्टेशनभोवती १५० मीटरचं वर्तुळ काढा. मग मंडई, शाळा, देवळं, दवाखाने सगळ्यांभोवती काढा. उरलेल्या जागेत धंदा करायला समुद्रात उभं राहावं लागेल.

पण दुसरी बाजूही सांगतो, कारण मी ती पाहिलीय. २९ सप्टेंबर २०१७ ला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. पाऊस होता, पूल अरुंद होता, लोक अडकले. त्यानंतर स्टेशनांबाहेरून फेरीवाले हटवायची लाट आली. पूल रुंद करायचं काम फेरीवाल्यांचं नव्हतं, हे खरं. तरीही जिन्याच्या तोंडाशी कोणी बसू नये हेही तितकंच खरं. जिना जिथे संपतो तिथे माणूस क्षणभर थांबतो, छत्री उघडतो, कुठे वळायचं बघतो. त्या जागेला चिमूटभर अडथळा चालत नाही. वीस पावलं पुढे गेल्यावर तोच माणूस स्वतःहून भाजीकडे वळतो.

म्हणून म्हणतो, १५० मीटरचं सरसकट वर्तुळ नको. प्रत्येक पुलाच्या, प्रत्येक जिन्याच्या तोंडाशी उभं राहून बघा, गर्दी कुठे पातळ होते. तिथे रेघ मारा. मात्र तिच्या अलीकडे मग कोणीही नको, ओळखीचा असो नाहीतर हप्त्याचा.

आणि वेळ! पहाटे चारला दादरच्या फुलबाजाराजवळ या. टोपल्या, झेंडू, ओले गोणपाट, पाय ठेवायला जागा नाही. दहाला तीच जागा वेगळीच दिसते. एकाच फुटपाथवर दिवसभरात तीन बाजार भरतात आणि आम्ही नकाशा काढतो दुपारी बाराचा.

इंदूरची शेव | मंगळवार, सकाळी १०:३०

वेळेवरून आमचा सराफा आठवला. दिवसभर सोन्याचांदीची दुकानं. रात्री शटर पडली की त्याच दुकानांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू (तळलेला कंद), जिलब्या. सराफांना त्रास व्हायला हवा ना? उलट ते सांगतात की रात्री उशिरापर्यंत माणसं जागी असली की दुकानाला राखण होते. अहमदाबादच्या माणेक चौकातही असंच, दिवसा सराफ, रात्री खाणं. कोणी आर्किटेक्टने आखलेलं नाही हे.

इंदूर म्हटलं की लोक छप्पन दुकानचं उदाहरण देतात. ते देऊ नका. ती पक्की दुकानं आहेत, गाड्या बंद करून फरशी घातली की ती सुंदर दिसणारच. रस्त्यावर पोतं टाकून बसणाऱ्याचा प्रश्न त्याने सुटत नाही.

लाटांपलीकडे | मंगळवार, दुपारी ४:१८

नोकरीनिमित्त तीन वर्षं दक्षिण आफ्रिकेत डर्बनला होतो. तिथलं वॉरविक जंक्शन पाहिलं नसतं तर मीही 'हटवा'वाला राहिलो असतो. रेल्वे, बस, टॅक्सी सगळं एकत्र येतं, रोज चार लाखांहून जास्त माणसं जातात-येतात आणि हजारो विक्रेते बसतात. वर्णभेदाच्या काळात त्यांना हुसकावत होते. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून महापालिकेने धोरण बदललं आणि एकेका धंद्याला वेगळं बघायला सुरुवात केली.

एक अर्धवट सोडलेला फ्लायओव्हर होता, हवेत लटकत संपलेला. त्यावर जडीबुटीवाल्यांचा बाजार बसवला आणि पादचारी पुलाने जोडला. म्हणजे लोकांच्या जायच्या वाटेवरच बाजार आला, बाजारासाठी कोणाला वाट वाकडी करावी लागली नाही. गायीच्या मुंड्या शिजवून विकणाऱ्या बाया होत्या. त्यांच्याशी बोलून पाणी, निचरा, विस्तवाची सोय असलेली जागा केली. कणसं उकडणाऱ्या वेगळ्या, त्यांची गरज वेगळी. 'फेरीवाला' असा एकच ठोकळा तिथे कोणी काढला नाही.

पण फार गोड चित्र रंगवत नाही. तिथेच १९१० पासूनचा अर्ली मॉर्निंग मार्केट आहे, भारतीय वंशाच्या भाजी पिकवणाऱ्यांनी उभा केलेला. २०१० च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या आधी, २००९ मध्ये, त्याच महापालिकेने तो पाडून मॉल बांधायचं ठरवलं. लोक रस्त्यावर आले, कोर्टात गेले, तेव्हा वाचला. एकदा धोरण चांगलं झालं की झालं, असं समजू नका.

सरळवाट | मंगळवार, रात्री ९:००

मी जरा मागे येतो, पूर्ण नाही. माझी मागणी एवढीच: चालायची पट्टी पूर्ण मोकळी. मधे खांब नाही, स्टॉल नाही, गिऱ्हाईकही नाही. ती किती रुंद हवी?

रेघोट्या | मंगळवार, रात्री १०:५५

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात: किमान १.८ मीटर मोकळे, व्यापारी भागात २.५ मीटर. आमचा फुटपाथ ४.५ मीटर. दुकानांपुढे अर्धा मीटर जातोच, लोक काचेत बघत थांबतात. त्यानंतर २.५ मीटर चालायला. उरतो दीड मीटर, त्यात झाडं, दिवे, फीडर पिलर (विजेच्या पेट्या) आणि विक्रेते. मावशींचे चार फूट म्हणजे १.२ मीटर, कसेबसे बसतात. पण त्यांची अडीच फुटांची गिऱ्हाइकं उभी राहतात थेट सरळवाटांच्या बाबांच्या पट्टीत.

म्हणून काल एक वेगळं करून बघितलं. फुटपाथला लागून पार्किंग आहे, एका कारला ५ मीटर बाय २.५ मीटर. तेवढ्या जागेत पाच फुटी तीन पथाऱ्या बसतात, गिऱ्हाइकाच्या अडीच फुटांसकट. तरी खोलीत दीड फूट उरतो, त्यात गाड्यांच्या बाजूने पाठ टेकायला भिंत. आठ कारच्या जागा घेतल्या तर सध्या बसणाऱ्या बावीसच्या बावीस पथाऱ्या मावतात. फुटपाथ पूर्ण मोकळा.

चारचाकीवाला | मंगळवार, रात्री ११:१०

आणि मी गाडी डोक्यावर घेऊन फिरू का?

तराजू | मंगळवार, रात्री ११:१४

आई तीस किलोची पाटी डोक्यावर घेऊन फिरायची. जमतं सवयीने.

मंडईचा बोका | मंगळवार, रात्री ११:१६

_/\_ आजचा दिवस तराजूंचा.

चारचाकीवाला | बुधवार, सकाळी ८:०५

हसा. पण दुकानदार गप्प बसणार नाहीत. त्यांचं गिऱ्हाईक गाडीतून येतं, ते भाडं भरतात, कर भरतात. आठ जागा गेल्या तर पहिला मोर्चा त्यांचा येईल.

रेघोट्या | बुधवार, सकाळी ९:३०

येईल, मान्य. एक कार तिथे सरासरी किती वेळ उभी असते हे मोजायला दोन मुलं बसवली आहेत. माझा अंदाज, त्यातल्या निम्म्या दुकानदारांच्या स्वतःच्याच निघतील. आकडा आल्यावर सांगते, तोवर हा अंदाजच समजा.

कायदेबाज | बुधवार, दुपारी १२:४०

एक सावधगिरी. तुम्ही बावीस आखलेत, तेवीसावा परवा येणार आहे. नकाशा कितीही चांगला असला तरी समितीत जागावाटपाचा नियम ठरला नाही तर त्या तीन-तीनच्या खणांत सर्वांत आधी घुसतो तो दांडगा, आणि मावशी पुन्हा बाहेर. मग तो जागा भाड्याने देतो. हे खूप ठिकाणी झालंय.

रेघोट्या | पुढचा रविवार, रात्री ८:२०

अपडेट. आज नकाशा मावशींना नेऊन दाखवला. त्यांनी कागद उलटा धरला, मग सुलटा केला, मग देऊळ कुठं विचारलं. देवळावर बोट ठेवून तिथून बोटाने चालत आपल्या जागेपर्यंत आल्या. "नळ लांब पडला," म्हणाल्या. पंचवीस पावलं लांब पडलाय, खरं आहे. नवीन नळ घालतेय. कुलपाच्या पेट्या भिंतीच्या आत, बसायच्या उंचीच्या, म्हणजे पेटीच बैठक. (तराजू, ही तुमची.) झाड पलीकडे असल्याने सावली साडेनऊलाच जाते, त्यावर अजून उत्तर नाही. कापडी छत काढलं की वरिष्ठ म्हणतात 'कायमचं बांधकाम' होईल. संडासाची जागा मिळाली आहे, मंजुरी नाही.

शेवटी त्यांनी भिंतीवर बोट ठेवलं. "ही किती उच?" मी म्हटलं दीड फूट, पाठ टेकायला. त्या हसल्या. "पाटी उतरवायला कोन येनार मग?" आतापर्यंत त्या डोक्यावरची पाटी देवळाच्या कठड्यावर टेकवून एकट्याच उतरवत होत्या. तो कठडा आता रस्त्याच्या भलत्या अंगाला. मला हे सुचणंच शक्य नव्हतं.

तर तराजू, भिंतीचं एक टोक उंच घेतेय. किती घेऊ?

तराजू | पुढचा रविवार, रात्री ९:०५

थांबा, आईला उभी करून मोजतो. तिची उंची चार फूट दहा.

तराजू | पुढचा रविवार, रात्री ९:३१

रिकामी पाटी डोक्यावर देऊन कपाटाशी मोजलं. चार फूट दोन इंच. गुडघे जरा वाकवले की पाटी सरळ सरकते. आई म्हणते वरची कड गोल ठेवा, धारेची असली तर पाटीचा तळ फाटतो. आणि विचारतेय, मावशी पालेभाजी विकतात का फळभाजी. पालेभाजी असेल तर पाणी गळतं, उताराची बाजू रस्त्याकडे ठेवायला सांगा.